पोवळ्याचं विष आणि त्याची तग, या दोन गोष्टी एकत्र आल्या कुठून?

पोवळ्याच्या (कोरलच्या) विषावर आणि तग धरण्यावर मिळून एकच पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतात म्हटलं की लोक विचारतातच, विषाचा आणि गरम पाण्यात जगण्याचा संबंध काय. बरीच वर्षं दोन्हीकडची माणसं वेगळीच होती.

विषाची बाजू जुनी. 1901 ला मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ फिजालियाच्या विषामागे लागले (पोवळ्याच्याच नात्यातला, पावसाळ्यात जुहूला वाहून येतो तो निळा फुगा, तोच), मग फ्रान्सला परतून समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचलं, तर दुसऱ्या वेळच्या बारीक डोसनेच कुत्रं अर्ध्या तासात गेलं. त्यातून ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, कळलं आणि रिशेंना 1913 चं नोबेल.

पुढची गोष्ट हवाईची, आणि ती भारीच आहे. माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका डबक्यातलं 'शेवाळ' भाल्याला लावलं की माणूस वाचत नाही अशी जुनी कथा, डबकं निषिद्ध. 31 डिसेंबर 1961 ला संशोधकांनी तिथून नमुने काढलेच, तर ते शेवाळ नव्हतंच, पोवळ्याच्या भावकीतला पॅलिथोआ होता. आणि त्याच दुपारी हवाईतल्याच कोकोनट आयलंडवरच्या हवाई विद्यापीठाच्या मरीन लॅबची इमारत जळाली! योगायोगच, पण गावात काय बोलले असतील ते सांगायला नको. 1971 ला मूर आणि शॉयर या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं विष, पॅलिटॉक्सिन, जाहीर केलं. घरी मरीन टँक ठेवणाऱ्यांनो, खडकावरचा पॅलिथोआ उकळत्या पाण्याने काढू नका, वाफेने लोक हॉस्पिटलात गेलेत.

तग धरण्याचा अभ्यास जोरात आला तो 1998 च्या जगभरच्या ब्लीचिंगनंतर (पोवळी पांढरी पडण्यानंतर), लक्षद्वीपलाही तेव्हा मोठा फटका बसला. पाणी तापलं की पोवळ्याच्या पेशींतली शैवालं जातात, आणि जेवणाचा मोठा भाग तीच पुरवत असल्यामुळे पांढरं पोवळं उपाशी पडतं.

दोन्ही वाटा जुळतात त्या माझ्या मते 2006 ला, आणि गंमत म्हणजे त्याच कोकोनट आयलंडवर. संशोधक अँड्रिया ग्रोटोली आणि सहकाऱ्यांनी टाक्यांत पोवळी मुद्दाम तापवून पांढरी केली, तर माँटिपोरा कॅपिटाटा जातीचं पोवळं रात्री पाचपटीहून जास्त प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खायला लागलं आणि रोजची पूर्ण गरज त्यावर भागवली, पोराइट्स या दुसऱ्या पोवळ्याच्या दोन जातींना काही ते जमलं नाही. आता प्लँक्टन धरायचं म्हणजे डंखच मारायचा ना.

पण डंखाची कुपी (पेशीतली विषाची बारीक पिशवी) एकदा सुटली की संपली, नवी बनवायला प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते, आणि ती तर उपाशी जिवाकडे कमीच. 2011 ला ओकिनावाच्या टीमने ॲक्रोपोरा डिजिटिफेरा या पोवळ्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचला, म्हणून आता विषाची जनुकं शोधून, पाणी तापल्यावर त्यातली कुठली चालू राहतात आणि कुठली बंद पडतात ते बघता येतं, फक्त त्यासाठी विषाची केमिस्ट्री आणि टाकीतलं काम दोन्ही येणारा माणूस लागतो.