मोठ्या माशांचा घरगुती टँक (खान्देश)

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, रेडटेल कॅटफिश असे फूटभर किंवा त्याहून मोठे होणारे गोड्या पाण्यातले मासे घरातल्या काचेच्या टँकमध्ये पाळायचा हा छंद. शौकीन मंडळी त्यांना मॉन्स्टर फिश म्हणतात. ऑस्कर, सिल्व्हर अरोवाना आणि रेडटेल मूळचे दक्षिण अमेरिकेतले, फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात १९९०च्या दशकात तयार झालेला संकर. मासे कुठलेही असोत, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे ते जगतील की नाही हे मात्र इथलं ऊन, इथलं पाणी आणि इथली लाईट ठरवते.

दुकानात यातला जवळपास प्रत्येक मासा दोन-तीन इंचाचा असतो आणि तिथेच माणूस फसतो. ऑस्कर चांगलं खाणं मिळालं तर वर्षभरात आठ-दहा इंच होतो आणि पुढे फूटभर, नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या वरही जगतो. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत जातो. रेडटेल आणि 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगास हे दोघं तीन फुटांच्याही पुढे जातात, त्यामुळे ते घरच्या टँकसाठी नाहीतच, कोणी कितीही सांगितलं की टँकच्या मापाने वाढतात तरी. टँकच्या मापाने मासा वाढत नाही, त्याची वाढ खुंटते, पाठ वाकते आणि लवकर मरतो.

एका ऑस्करला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक लागतो, म्हणजे १६ घनफूट, साधारण ४५० लिटर पाणी. नुसतं पाणीच साडेचार क्विंटल, त्यावर काच आणि लोखंडी स्टँड वेगळं, त्यामुळे आरसीसी घरातसुद्धा टँक भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे ठेवावा आणि जुन्या धाब्याच्या घरात माळ्यावर तर ठेवूच नये. अरोवानासाठी लांबीपेक्षा रुंदी जास्त महत्त्वाची, कारण त्याला वळायला जागा हवी, आणि वर झाकण पक्कं पाहिजे, तो उडी मारतो.

आता पाण्याचं. मोठा मासा खातो जास्त म्हणून घाणही जास्त करतो, ती अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरते. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग आणि स्पंजवर वाढलेले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत मोठा मासा सोडायची घाई करू नये. शेवटी उरलेलं नायट्रेट काढायचा भरवशाचा उपाय पाणी बदलणं हाच, दर आठवड्याला पाव टँक म्हणजे शंभर-सव्वाशे लिटर. जिथे नळ काही दिवसांआड येतो तिथे घरच्या पाण्यातून एवढं काढणं सोपं नाही, म्हणून माशांसाठी २०० लिटरचा ड्रम वेगळा ठेवावाच लागतो. नळाचं किंवा टँकरचं पाणी टीसीएल पावडर (क्लोरिनची जंतुनाशक पूड) टाकलेलं असू शकतं, ते अँटिक्लोरिन म्हणजे क्लोरिन मारणारं औषध टाकल्याशिवाय टँकमध्ये ओतू नये. काढलेलं पाणी झाडांना द्यावं, नायट्रेटमुळे झाडं छान येतात.

बोअरचं पाणी इकडे बऱ्याच ठिकाणी जड, काचेवर क्षाराचे पांढरे डाग पडतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न ते सहन करतात. पण पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम तितका अमोनिया जास्त विषारी, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदम गाठतात. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम तर ३५ अंशाला ७च्या आसपास, आणि मोठ्या माशाला तो लागतो जास्त. अशात दुपारी लाईट गेली, हवा बंद, फिल्टर बंद, की दोन-तीन तासांत मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. बॅटरीवरचा एअर पंप हा इथे टँकइतकाच गरजेचा. उन्हाळ्यात काचेचं झाकण काढून जाळी बसवावी, पाण्यावर छोटा पंखा लावावा, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. खाणं निम्म्यावर आणावं. थंडीत उलट, रात्री पारा दहाच्या खाली जातो म्हणून हीटर लागतो, आणि ऑस्कर काचेचा हीटर धडक देऊन फोडतो, त्याला गार्ड घालावं.

खायला पेलेट म्हणजे माशांचं तयार दाणेदार खाणं, अधूनमधून धुतलेली सुकट. जिवंत गोल्डफिश घालायची हौस टाळावी, त्यातून रोग येतात आणि ब१ जीवनसत्त्वाची कमतरता होते.

इथल्याच तलाव-नद्यांतली मरळ हा याला चांगला पर्याय आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. ती दोन फुटांची, कधी त्याहूनही मोठी होते, हवेतून श्वास घेऊ शकते त्यामुळे लाईट गेल्यावर लगेच दगावत नाही, मालकाला ओळखायलाही लागते. मात्र एकटीच ठेवावी, छोटे मासे खाते, आणि झाकण तिलाही लागतं.

एशियन अरोवाना साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर तो बाळगायचा तर नोंदणी करावी लागते.

मोठा झालेला मासा तापी, गिरणा, वाघूर किंवा गावतळ्यात सोडणं हा या छंदातला सगळ्यात वाईट प्रकार. टँक साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर उजनी धरणात इतका वाढलाय की मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतला ॲलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा शिकारी मासा भोपाळच्या बड्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरातही सापडला. मासा डोईजड झाला तर दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठा टँक असलेल्या दुसऱ्या शौकिनाला, नेताना जाड प्लॅस्टिकच्या झाकणवाल्या पिंपात, टँकचंच पाणी भरून, पहाटे.