पार्श्वभूमी : एकाच जेवणात की दिवसभरात?

वर्षानुवर्षे शाकाहारी राहिलेल्या माणसाला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न प्रथिनांचा. त्यातच आणखी एक प्रश्न दडलेला असतो: तृणधान्य आणि कडधान्य एकाच जेवणात खाल्ले नाही, तर प्रथिने वाया जातात का? बिनमांसाचा रोजचा स्वयंपाक उगाच अवघड वाटतो, त्यात ‘दोन्ही एकाच जेवणात’ या एका नियमाचा वाटा मोठा आहे.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. ‘प्रोटीन’ हा शब्द 1838 मध्ये छापून आला. त्याच्या मुळाशी ‘पहिल्या क्रमांकाचे’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. पॅरिसमध्ये तेव्हा हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप गरिबांना पुरेल का, यावर वाद चालू होता. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि 1841 च्या अहवालाने निर्वाळा दिला की नुसत्या जिलेटिनवर प्राणी तग धरत नाही. सगळी प्रथिने सारखी नसतात हे तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत कष्टकरी माणसासाठी दिवसाला 118 ग्रॅम प्रथिनांचा दंडक ठरला. 1904 मध्ये एका अमेरिकन संशोधकाने सैनिक आणि खेळाडूंना सुमारे निम्म्या प्रथिनांवर कित्येक महिने ठेवून दाखवले, आणि त्यांची ताकद कमी झाली नाही.

गुंता वाढवला तो उंदरांनी. 1910 नंतरच्या दशकात पिंजऱ्यातल्या लहान उंदरांना एकेक शुद्ध प्रथिन देऊन त्यांचे वजन रोज मोजले जाऊ लागले. मक्यातल्या झीन या प्रथिनावर उंदीर रोडावले. त्यात ट्रिप्टोफॅन आणि लायसिन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, घातली, की वाढू लागले. प्रयोग चोख होता, त्यावरून माणसाविषयी काढलेला अर्थ मात्र घाईचा होता. उंदराचे पिलू आठवड्याभरात जन्मवेळच्या वजनाच्या दुप्पट होते, माणसाच्या बाळाला त्यासाठी पाचेक महिने लागतात. उंदरिणीच्या दुधात प्रथिने आठ-नऊ टक्के, आईच्या दुधात जेमतेम एक टक्का. शिवाय अंगभर केस वाढवायचे, म्हणून उंदराला गंधकयुक्त अमिनो आम्ले जास्त लागतात, आणि कडधान्यात नेमकी तीच कमी. तरीही 1919 पासून प्रथिनांचा दर्जा उंदराच्या वजनवाढीवर ठरू लागला. प्राणिज प्रथिने ‘पहिल्या वर्गाची’ आणि वनस्पतिज ‘दुसऱ्या वर्गाची’ ही भाषा पाठ्यपुस्तकांत शिरली.

1971 मध्ये अमेरिकेतल्या एका तरुण लेखिकेचे पुस्तक आले आणि लाखोंनी खपले. मांसाशिवाय उत्तम प्रथिने मिळतात, हे तिला पटवून द्यायचे होते. त्यासाठी तिने उंदरांवरून आलेली मोजपट्टी जशीच्या तशी उचलली आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरावी म्हणून जोड्या सुचवल्या: तांदळाबरोबर घेवडा, गव्हाबरोबर दूध, आणि तेही मोजलेल्या प्रमाणात, एकाच जेवणात. हेतू चांगला होता, पण त्यापायी स्वयंपाकाचे गणित झाले. दहा वर्षांनी, 1981 च्या आवृत्तीत, तिने स्वतःच चूक मान्य केली. एक गैरसमज खोडताना आपण दुसरा रुजवला, असे तिने लिहिले. फक्त फळांवर, काही कंदांवर किंवा निकस खाण्यावर राहणारे सोडले, तर पोटभर खाणाऱ्याला प्रथिने पुरतात, हा तिचा सुधारित निष्कर्ष. जाहीरपणे चूक मान्य करायला धैर्य लागते आणि त्याचा मला आदर वाटतो. 1988 मध्ये आहारतज्ज्ञांच्या एका मोठ्या संघटनेनेही एकाच जेवणात जोडी जुळवण्याची गरज नाही, असे सांगितले. पण नियम जितका पसरला, तितकी दुरुस्ती पसरली नाही.

याचे खापर मी ‘अपूर्ण प्रथिन’ या शब्दावर फोडेन. अपूर्ण म्हटले की काहीतरी साफ गायब आहे असे वाटते. प्रत्यक्षात गहू, तांदूळ, हरभरा, वाटाणा या सगळ्यांत नऊही आवश्यक (शरीराला स्वतः बनवता न येणारी) अमिनो आम्ले असतात. फक्त प्रमाण कमीजास्त. तृणधान्यात लायसिन कमी, कडधान्यात मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी. खऱ्या अर्थाने अपूर्ण म्हणावे ते जिलेटिन: त्यात ट्रिप्टोफॅन नाहीच, आणि ते येते प्राण्यांच्या हाडांतून, कातड्यातून. दुसरी गोष्ट, शरीर एकेका जेवणाचा हिशेब तिथल्या तिथे मिटवत नाही. पाचकरस आणि आतड्याच्या झडलेल्या पेशी यांतली प्रथिनेही रोज पचून पुन्हा वापरली जातात. त्यामुळे सकाळची उणीव संध्याकाळी भरून निघते.

लायसिनचेच बघा. 60 किलो वजनाच्या प्रौढाची सरासरी गरज दिवसाला 1800 मिलिग्रॅम. रात्री भिजत घालून सकाळी बोटाने दाबल्यावर सहज चिरडतील इतके मऊ शिजवलेले हरभरे कपभर खाल्ले, की निम्मी गरज भागते. उरलेली दिवसभरातल्या धान्यातून, दाण्यांतून येते. म्हणजे कडधान्य रोज हवे. त्याच ताटात तृणधान्य असलेच पाहिजे असे नाही. वाढत्या मुलांची गरज वजनाच्या मानाने जास्त असते, तिथे कडधान्याचा हात सैल ठेवावा.

या वादात खरी उणीव मात्र मागे पडली. 1948 मध्ये वेगळे काढले गेलेले ब-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध आणि अंडीही न खाणाऱ्याला ते गोळीतून किंवा ते मुद्दाम मिसळलेल्या अन्नातूनच घ्यावे लागते. जोड्या जुळवून ते मिळत नाही.

1990 च्या दशकात उंदरांच्या वजनाऐवजी माणसाच्या गरजेवर आधारलेली, प्रथिनांचा दर्जा ठरवणारी गुणपद्धत आली आणि 2013 मध्ये तीही सुधारण्याची शिफारस झाली. दोन्हींत गुण मिळतात ते एकेका पदार्थाला, जणू माणूस दिवसभर तेवढेच खातो. म्हणून पूर्ण गव्हाला आजही शंभरात पन्नासहून कमी गुण पडतात.