‘रिटायर झाल्यावर युनियनशी काय देणेघेणे?’ : एक खुलासा

टपाल खात्यात दोन समज वर्षानुवर्षे फिरत आहेत: सरकारी नोकराने युनियनच्या भानगडीत पडायचे नसते, आणि निवृत्तीनंतर तर तिच्याशी संबंधच उरत नाही.

पहिला समज १९६४ च्या वर्तणूक नियमांच्या अर्धवट वाचनातून आलेला आहे. त्यांतील नियम ५ मनाई करतो ती राजकीय पक्षाचे सदस्यत्व आणि निवडणूक प्रचार यांना. सेवा संघटनांच्या मान्यतेसाठी १९९३ चे स्वतंत्र नियम असून, संवर्गातील किमान ३५ टक्के कर्मचारी सदस्य असल्याखेरीज ती सहसा मिळत नाही. ही मोजणी वेतनातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवरून होते. म्हणजे पगारपत्रकातील ती किरकोळ कपात हेच मत, आणि ‘मी कशात नसतो’ म्हणणाऱ्याचे मत वायाच जाते.

दुसऱ्या समजाला निवृत्तिवेतनाविषयीच्या नकारा खटल्याचा आधार दिला जातो: पेन्शन हक्काचीच, मग युनियन कशाला? निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितले, हे खरेच. तरीही जानेवारी २०२० ते जून २०२१ या काळातील महागाई सवलतीचे (पेन्शनवरील महागाई भत्त्याचे) तीन हप्ते निवृत्तांचेही गोठले, आणि २०२५ च्या वित्त अधिनियमाने निवृत्तिवेतनधारकांत भेद करण्याचा अधिकार सरकारकडे असल्याचे नमूद केले. शिवाय वेतन आयोगापुढे कार्यरत कर्मचाऱ्यांसाठी जो गुणक (मूळ वेतन ज्या पटीने वाढते तो आकडा) मान्य होतो, त्यावरच जुन्या निवृत्तांच्या पेन्शनची फेरनिश्चिती बहुधा बेतलेली असते.

ग्रामीण डाकसेवकांना तर ही नियमित पेन्शनही नाही. त्यांच्या सुधारित भत्त्याला मंत्रिमंडळाने ६ जून २०१८ रोजी मंजुरी दिली, तेव्हा त्यांचा संप सुरू होऊन पंधरवडा उलटला होता.