दर्यातलं इंजिन आणि उद्यमनगरचा प्रश्न

कोल्हापूरला समुद्र नाही. पंचगंगा आहे, रंकाळा आहे, आणि २०१९ च्या महापुरात रस्त्यावरून फिरणाऱ्या बोटीही आम्ही पाहिल्यात. पण खारं पाणी बघायचं तर गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरावा लागतो. तरी मच्छीमार नौकांच्या इंजिनांची हेडं, म्हणजे सिलिंडरवरची जड झाकणं, घाट चढून इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत येतात, कारण बिडाचं (कास्ट आयर्नचं) काम जाणणारे हात इथं आहेत.

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे असंच एक हेड आलं होतं. मासेमारी बंदीचे दिवस, नौका किनाऱ्यावर ओढलेली. हेडला बाक आला होता. मिस्त्रींनी ते घासून सपाट, म्हणजे प्लेन करून दिलं. नारळी पौर्णिमा झाली, नौका दर्यात गेली आणि पंधरा दिवसांत तेच हेड पुन्हा दारात! तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या, चेहऱ्यावर ‘काम कच्चं केलंत’ असं स्पष्ट लिहिलेलं. तोंडानं मात्र तो एवढंच म्हणाला, “इंजिन तापता, मिस्त्री.”

मिस्त्रींनी हेडकडे बघितलंही नाही. विचारलं, “कवा तापतंय?”

या प्रश्नात निम्मी दुरुस्ती आहे. ती कशी, हे कळायला आधी उष्णतेचा हिशेब मांडू.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट, म्हणजे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. तासाला १० लिटर पिणारं इंजिन धरलं, तर आत सतत १०० किलोवॅटची आग पेटलेली आहे. त्यातले ३५ ते ४० किलोवॅट नौका ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचतात, तेवढेच किंवा थोडे कमी धुरावाटे जातात, आणि २५ ते ३० किलोवॅट पाण्याला बाहेर न्यावे लागतात. ३० किलोवॅट म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे पंधरा गिझर, तेही न थांबता चालू. ज्वालेचं तापमान २००० अंशांच्या वर जातं. ॲल्युमिनियमचा पिस्टन तर ६६० अंशांच्याही आत वितळू लागेल. तो टिकतो, कारण उष्णता साचायच्या आत पळवून नेली जाते. म्हणून तापलेल्या इंजिनात बहुतेक वेळा आग वाढलेली नसते. तिची बाहेर जायची वाट अडलेली असते.

ही वाट कोल्हापूरकराला नवी नाही. नदीकाठच्या जुन्या ऑइल इंजिनाला पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी जोडलेली असे. पाणी सिलिंडरभोवती फिरून पाटात पडायचं आणि शेतकरी त्याखाली हात धरून इंजिनाची तब्येत ओळखायचा. छोट्या नौकांवर हीच पद्धत समुद्राच्या पाण्यानं चालते. फक्त समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतले काही उलट्या खोपडीचे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियमचे काही क्षार पाणी तापलं की बाहेर पडून भिंतीला चिकटतात. त्यामुळे थेट खाऱ्या पाण्यावरचं इंजिन ५०-५५ अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं.

मोठ्या इंजिनात म्हणून दोन फेरे असतात. आत गोडं पाणी आणि कूलंट बंद वाटेनं फिरतं, ७५ ते ९० अंशांवर. बाहेर समुद्राचं पाणी तळाच्या वॉल्वमधून येतं, जाळीतून गाळलं जातं, रबरी पात्यांचा पंप ते ढकलतो, कूलरच्या नळ्यांतून ते आतल्या पाण्याची उष्णता उचलतं आणि शेवटी धुरात मिसळून मागच्या बाजूनं फुत्कारत बाहेर पडतं.

मग आता ‘कवा तापतंय’ बघा. नौका उभी असताना ठीक, पण पूर्ण वेगात तापतं, तर पाणी येतंय पण पुरेसं येत नाही. जाळीत शेवाळ अडकलं असेल, कूलरच्या नळ्या भरल्या असतील, पंपाची पाती थकली असतील. एक फार खोडकर कारण म्हणजे ओढणाऱ्या पाइपाचं आतलं अस्तर सुटणं. हळू चालवलं की पाइप ताठ, जोरात ओढलं की आतून चपटा, आणि बाहेरून नव्यासारखा. प्लास्टिकची पिशवी तर त्याहून वस्ताद. चालू असताना ती तळाच्या तोंडावर घट्ट बसते, इंजिन बंद करून बघायला जावं तर सुटून गेलेली. पुरावाच नाही.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात, भार नसतानाही तापलं तर पाणी येतच नाही, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगलं की झडप उघडते. तो उपटून फेकून देण्याचा जुगाड आपल्याकडे लोकप्रिय आहे. माझं मत विचाराल तर तो करू नये. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की गरम पाणी कूलरला बगल देऊन जवळच्या वाटेनं परत फिरतं आणि इंजिन आणखी तापतं. नुकतंच पाणी बदलल्यावर तापायला लागलं तर आत हवा धरलीय. काळा धूर सोडत तापलं तर दोष पाण्याचा नसेलही: पंख्यात जाळ्याचा दोर गुंतला असेल, नाहीतर तळाला शिंपल्यांचा थर चढला असेल. आणि काटाच खोटं बोलतोय का, हेही आधी तपासावं.

पाण्याचं माप घ्यायला बादली पुरते. ३० किलोवॅट उष्णता नेताना समुद्राचं पाणी फक्त १० अंशांनी तापावं असं वाटत असेल, तर मिनिटाला सुमारे ४३ लिटर लागतात. म्हणजे मागं धरलेली १५ लिटरची बादली वीसेक सेकंदांत भरायला हवी. चाळीस लागले, तर पाणी निम्म्यावर आलंय आणि तेच पाणी आता १० ऐवजी २० अंशांनी तापणार.

आतल्या फेऱ्यातला आजार हळू येतो. तिथं बोअरचं जड पाणी घातलं की भिंतीला पांढरा थर धरतो. बीड उष्णता चांगली नेतं, हा थर पंचवीसेक पटीनं वाईट. एक मिलिमीटर थर म्हणजे बिडाची भिंत इंचभर जाड केल्यासारखंच. इथं फाउंड्रीवाल्यांना एक गोष्ट जास्त कळते. हेडातल्या पाण्याच्या वाटा ड्रिलनं पाडलेल्या नसतात. वाळूचा कोअर साच्यात ठेवून भोवती बीड ओततात, मग वाळू झटकून काढतात. राहिलेली पोकळी म्हणजे पाण्याची वाट. कोपऱ्यात वाळू जळून चिकटून राहिली तर इंजिन जन्मापासूनच एका ठिकाणी तापतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत किती टन बीड ओतलं जातं ते सगळे सांगतात. पण कसब खरं तर त्यात ठेवलेल्या पोकळीचं.

हेडचा बाक, त्याखालचं जळलेलं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी), पाण्याच्या टाकीत येणारे बुडबुडे, ताकासारखं झालेलं ऑइल या बहुधा तापण्याच्या खुणा असतात. गॅस्केट गेलं की तेही पुढं तापवतं, म्हणून माणूस फसतो आणि परिणामाची दुरुस्ती करून घरी जातो. तांडेलाचं तेच झालं होतं.

एक ताकीद मात्र वाटेतच द्यायला हवी. तापलेल्या इंजिनाच्या टाकीचं झाकण उघडू नका. कुकरमध्ये दाबामुळं पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापतं, हिचंही तसंच. दाब सुटला की ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वर गार पाणीही ओतू नका, बिडाला तडा जातो. पाणी चालू असेल तर भार काढून इंजिन थोडा वेळ मंद चालू द्यावं. पाणीच बंद पडलं असेल तर मात्र लगेच थांबवावं.

तर, तांडेल म्हणाला, “जोरात पळवला की तापता. हळू असला की काय नाय.”

“पंपाची पाती कवा बदलली?”

“गेल्या साली. तीन तुटलेली होती. नवीन घातली.”

“तुटल्याली तीन कुठं गेली?”

तांडेल गप्प. रबराची पाती हवेत विरघळत नाहीत. पाण्याबरोबर पुढं जातात आणि पहिल्या अरुंद जागी, म्हणजे कूलरच्या तोंडाशी, अडकून बसतात. पंप नवा असतो, जाळी स्वच्छ असते, आणि पाणी मात्र निम्मंच.

मिस्त्रींनी हेड ठेवून घेतलं, प्लेन केलं नाही. चार दिवसांनी फोन आला. कूलरचं झाकण उघडलं होतं, रबराची दोन पाती मिळाली होती, हेड कधी न्यायला येऊ, असं तांडेल विचारत होता.

“तिसरं शोध,” मिस्त्री म्हणाले. “ते सापडंस्तवर घाट चढू नको.”