गिअर करकरतोय: क्लच सुटत नाही की सिंक्रो गेलाय?

१९६५ च्या फोर्ड मस्टँगमधला सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून त्या जागी पाच गिअरचा टी-५ मॅन्युअल बसवणं अमेरिकेत इतकं रुळलंय, की त्याची तयार किट विकत मिळतात. क्लच पेडल, फ्लायव्हील, बेल हाऊसिंग, सगळं बसतं. इंजिन सुरू होतं. पहिला गिअर टाकताना मात्र कर्रर्र! मग बघणारा लगेच निदान सांगून मोकळा होतो: सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेलेत, बॉक्स खोला. टी-५ भंगारातून आणलेला असेल तर संशय आणखी पक्का होतो.

माझं मत उलटं आहे. नुकत्याच कन्व्हर्ट केलेल्या गाडीत गिअर घासत असेल, तर पहिला संशय क्लचवर घ्यावा. पेडलपासून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टपर्यंतची (इंजिनची फिरकी बॉक्समध्ये नेणारा दांडा) झाडून सगळी जोडणी नवीन आहे. ऑटोमॅटिक होती तेव्हा त्यातलं काहीच गाडीत नव्हतं, त्यामुळे चूक राहायला जागाही तिथेच जास्त.

आवाज सारखा असला तरी दोन्ही बिघाड मुळात वेगळे आहेत. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी डब्याच्या वेगाने चार पावलं पळतो आणि मग पाय टाकतो; सिंक्रो रिंगचं काम तेच. स्लीव्हचे, म्हणजे गिअर जोडणाऱ्या सरकत्या कडीचे दात गिअरच्या दातांत शिरण्याआधी ती गिअरच्या निमुळत्या भागावर, म्हणजे कोनवर घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच वाट देते. रिंग झिजली की वेग जुळायच्या आतच दात दातांवर आपटतात. पण हे सगळं एका गृहीतावर चालतं: पेडल दाबल्यावर इनपुट शाफ्ट इंजिनपासून पूर्ण मोकळा झालेला असला पाहिजे. क्लच अर्धवट सुटत असेल तर इंजिन शाफ्टला फिरवतच राहतं आणि बिचारी रिंग अख्ख्या इंजिनशी झटत बसते. नवी कोरी रिंगसुद्धा तिथे हरते.

दोन्हींतला फरक काढायला बॉक्स खोलावा लागत नाही. आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीतही अडत असतील तर दोष लिव्हरच्या जोडणीत शोधा, हा लेख बाजूला ठेवा. नीट पडत असतील तर इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसलेल्या बॉक्समध्ये याच्याइतकी बोलकी चाचणी नाही. घाईने टाकला तर थोडा आवाज होणारच, कारण शाफ्टला थांबायला वेळ लागतो. थांबून टाकल्यावर गुपचूप पडला तर क्लच सुटतोय. कितीही थांबलात तरी घासला तर शाफ्टला कोणीतरी फिरवतंय.

शंका उरलीच तर क्लच दाबून आधी तिसरा गिअर टाका आणि पेडल न सोडता तिथून रिव्हर्समध्ये जा. तिसऱ्याच्या सिंक्रोने शाफ्ट थांबवलेला असतो. क्लच चांगला असेल तर तो थांबलेलाच राहतो आणि रिव्हर्स आवाज न करता बसतो. मधल्या क्षणात शाफ्ट पुन्हा फिरू लागला तर निकाल लागला.

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून स्टार्टर मारणं हीसुद्धा चाचणी आहे. क्लच सुटत नसेल तर गाडी पुढे सरकू पाहते. पण समोर मोकळी जागा असू द्या आणि हँडब्रेक ओढा. ऑटोमॅटिकमध्ये पार्क किंवा न्यूट्रलशिवाय स्टार्टर फिरत नसे. कन्व्हर्शनमध्ये ते रोखणाऱ्या स्विचच्या वायरी बरेचदा थेट एकमेकींना जोडून टाकलेल्या असतात, म्हणजे गाडी कुठल्याही गिअरमध्ये स्टार्ट होते. क्लच पेडलवर स्विच बसवून हे आधीच नीट करून घ्यावं, यात हयगय नको.

सिंक्रोचा बिघाड वेगळा वागतो. तो सहसा सगळे गिअर एकदम धरत नाही. उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स शांतपणे पडतात, पण चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना, किंवा इंजिन चढवून पटकन दुसरा टाकताना कर्र होतं. खाली येताना तोच गिअर डबल क्लच करून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलमध्ये थोडा रेस देऊन टाकला आणि आवाज गेला, तर ती रिंग थकलेली आहे. क्लचचा दोष याच्या उलट उभ्या गाडीत सगळ्यात जास्त छळतो.

पद्मिनी किंवा जुन्या अँबेसेडरवर शिकलेल्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोच नव्हता. सरकत्या गाडीत पहिला टाकला की घासायचा, ती गाडीची रचना होती, बिघाड नव्हे. टी-५ मध्ये पाचही पुढच्या गिअरना सिंक्रो आहे, त्यामुळे तिथे तसा आवाज चालवून घ्यायचं कारण नाही.

आता क्लच का सुटत नाही ते बघू. खरा वेळ इथेच द्यायचा. त्या मस्टँगचं मूळचं मॅन्युअल लिंकेज म्हणजे पेडल, सळ्या आणि मधला झेड-बार. झेड-बारचे बुश ढिले असतील किंवा तो बार वाकत असेल तर पायाची हालचाल वाटेतच मुरते. पेडलची फ्री प्ले, म्हणजे क्लच हलू लागण्याआधीची मोकळी चाल, साधारण इंचभर असावी. दोन इंच असेल तर उरलेल्या प्रवासात क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुरती उचलली जात नाही. सळ्यांऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक किट असेल तर पेडल दोन-तीनदा पंप करून बघा. पंप केल्यावर गिअर सुखाने पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. मदतनीसाला पेडल दाबायला सांगून बोनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर नजर ठेवा. पत्रा पुढे फुगत असेल तर तेवढी ढकल तिथेच वाया जाते.

आतल्या कारणांमध्ये क्लच प्लेट उलटी बसवणं हे नेहमीचं. स्प्रिंगवाला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे हवा. उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टना लागतो आणि प्लेट सुटतच नाही.

पायलट बुश मात्र खास कन्व्हर्शनचं दुखणं. ऑटोमॅटिकमध्ये क्रँकच्या मागच्या भोकात टॉर्क कन्व्हर्टरचं (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) नाक बसतं, बुश नसतोच. मॅन्युअल बसवताना तो घालावा लागतो, कारण इनपुट शाफ्टचं टोक त्यात टेकतं. विसरला तर शाफ्ट हेलकावतो. घट्ट बसला किंवा शाफ्टला धरून राहिला, तर क्लच पूर्ण सुटूनही क्रँक त्या बुशमधूनच शाफ्टला फिरवतो. अशा वेळी पेडल कितीही ॲडजस्ट केलं तरी उपयोग नाही.

बेल हाऊसिंगचं मधलं भोक क्रँकच्या मध्याशी जुळलंय का हे डायल गेज लावून मोजायला बरेच जण कंटाळा करतात. एकूण रनआउट, म्हणजे फिरवताना गेजवर दिसणारा फरक, पाच थाउ (इंचाचे पाच हजारांश), म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर हाऊसिंग किंचित सरकवून मध्यावर आणणाऱ्या ऑफसेट डॉवेल पिना मिळतात. न मोजता बसवलेल्या हाऊसिंगमुळे क्लच अडकतो आणि पायलट बुश एका बाजूने खाल्ला जातो. बॉक्स वर चढवण्याआधी हे माप घ्यायला जो वेळ लागतो, तो नंतरच्या उतरवाउतरवीपुढे काहीच नाही.

क्लच निर्दोष ठरला, तरी बॉक्स खोलण्याआधी तेल बघा. टी-५ च्या वर्ल्ड-क्लास नावाच्या प्रकाराला ऑटोमॅटिकचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ लागतं. गिअरबॉक्स म्हणून कोणी सवयीने ९० नंबरचं जाड तेल ओतलं, तर थंड गाडीत गिअर जड पडतात आणि सिंक्रोला वेग जुळवायला उशीर होतो. पितळी रिंगांच्या जुन्या बॉक्समध्ये जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल टाळलेलं बरं. त्यातली काही रसायनं पितळाला सोसत नाहीत.

हे दोन बिघाड एकमेकांत मिसळण्याचं आणखी एक कारण आहे. न सुटणाऱ्या क्लचवर गाडी महिनोन्महिने चालवली की प्रत्येक गिअरला रिंग इंजिनशी झगडते आणि खरोखरच झिजते. मग क्लच दुरुस्त केल्यावरही दुसरा गिअर घासतो, आणि लोक म्हणतात, बघा, सिंक्रोच होता. अशा गाडीत आधी क्लच नीट करून, योग्य तेल घालून काही दिवस चालवा. तेल गरम झाल्यावरही तोच एक गिअर घासत राहिला तरच बॉक्स उतरवा. आत रिंग कोनवर दाबून तिच्या आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने तपासा. फट उरलीच नसेल तर रिंग संपली. त्याच वेळी गिअरच्या छोट्या दातांची टोकं बघा. ती गोल झालेली असतील तर नुसती रिंग बदलून भागत नाही, तो गिअर आणि बहुधा स्लीव्हही बदलावी लागते.