कळ हाताला, लाट टाळूवर

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरत आलं. डोक्याचा रंगीत नकाशा, टाळूवर लालभडक ठिपका आणि खाली ओळ: 'वेदनेचं केंद्र सापडलं, सहस्रारचक्र तिथेच!' ठिपका खरा असू शकतो. ओळ मात्र फसवी आहे.

असा नकाशा निघतो तो लेसरच्या चटक्याने. हाताच्या पाठीवर काही मिलिसेकंदांचा झोत टाकला की टाचणी टोचल्यासारखी कळ येते. तव्याला बोट लागल्यावर आधी चर्रकन चटका बसतो आणि आग मागाहून होते, तसंच हे. चटका आणणारे ए-डेल्टा नावाचे मज्जातंतू सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने संदेश नेतात, मागून रेंगाळत येणारे सी तंतू जेमतेम 1 मीटर. केसांत जेल थापून बसवलेल्या, मेंदूतली वीज टिपणाऱ्या इलेक्ट्रोडना या कळेची लाट दिसते: साधारण 200 मिलिसेकंदांना ऋण, 350च्या आसपास धन. उंची मायक्रोव्होल्टांत मोजण्याइतकी इवली, म्हणून 25-30 चटक्यांची सरासरी काढावी लागते. लाट सर्वांत मोठी दिसते ती टाळूवरच.

मग उगम टाळूखालीच नसेल का? इथेच खरी गंमत आहे. मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, पिरॅमिड पेशी शेजारी-शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात. हजारो पेशी एकदम चेतल्या की त्यांची मिळून एक इवलीशी बॅटरी होते, तिला द्विध्रुव म्हणतात. डोक्यावर काय दिसेल हे या बॅटरीच्या जागेइतकंच तिच्या रोखावरही ठरतं. खोलीच्या दोन कोपऱ्यांत टॉर्च ठेवून दोन्ही तिरपे छताच्या मध्यावर रोखा. सर्वांत उजळ जागा मधोमध, आणि तिच्या बरोब्बर खाली नुसती फरशी! आवाज ऐकल्यावर उठणारी लाट अशीच टाळूजवळ मोठी दिसते, पण तिचे मुख्य उगम दोन्ही कानांच्या वर, आत दडलेले असतात. त्यात कवटी वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे सगळं चित्र पुसट होतं.

उलटा हिशेब तर त्याहून बिकट. बाहेर मोजलेल्या विद्युतदाबावरून आतले उगम एकमेव ठरत नाहीत, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1853 मध्येच दाखवलं होतं. इलेक्ट्रोड 32 चे 256 केले तरी ही मेख सुटत नाही. म्हणून संशोधक आधी अटी घालतात: उगम दोन-तीनच धरा, ते सालीतच असू द्या, शेजारचे भाग मिळूनमिसळून वागतात असं माना. अट बदलली की ठिपका सरकतो. तरी बऱ्याच अभ्यासांत दोन ठिकाणं पुन्हापुन्हा निघतात. सुमारे 160 मिलिसेकंदांना उठणारी छोटी लाट चटका बसलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूला, कानशिलाच्या आत, इन्सुला नावाच्या घडीत दडलेल्या सालीच्या परिसरातून येते. टाळूवरच्या मोठ्या लाटेत प्रमुख वाटा मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीतल्या सिंग्युलेट पट्ट्याचा.

बरं, ही मोठी लाट म्हणजे तरी वेदना का? एकेका सेकंदाने सारखेच तीन चटके दिले, तर दुसऱ्या-तिसऱ्याला लाट बरीच खाली बसते. 2008 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या माणसांना तिन्ही चटके जवळपास सारखेच दुखले होते.