थायरॉइडच्या ऑपरेशनने आवाज कायमचा जातो?

‘थायरॉइडचं ऑपरेशन केलं की आवाज कायमचा जातो’, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती अगदीच निराधार नाही: स्वरतंतू हलवणाऱ्या डाव्या-उजव्या नसा या ग्रंथीच्या मागून, अगदी लगटून जातात. पण नस ताणली जाणं वेगळं, तुटणं वेगळं. ताणलेली नस बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते. पहिल्या दोन-चार दिवसांचा घोगरेपणा तर अनेकदा भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे असतो. अनुभवी सर्जनच्या हाती कायमचं नुकसान साधारण १०० पैकी १-२ जणांनाच होतं.

खात्री करायचीय? ऑपरेशनआधी आणि नंतर कान-नाक-घसा डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. ‘ईऽऽ’ म्हणताना दोन्ही स्वरतंतू हलताना दिसायला हवेत. घोगरेपणा रेंगाळला तर स्पीच थेरपी लवकर सुरू करा. श्वासाला त्रास झाला, तर मात्र तडक हॉस्पिटल गाठा.